तळं एक, जर्सी तीन

फौजेत लडाखचं वर्ष दोनच भागांत मोजतात. रस्ता चालू आणि रस्ता बंद. रस्ता चालू असताना जोझीलावरून आणि मनालीकडून गाड्यांच्या रांगा चढत राहतात. रेशन, केरोसीन, दारूगोळा, औषधं, बुखारीचे पाइप, बटाटे, कांदे, सगळं पुढच्या हिवाळ्यासाठी भरून ठेवायचं असतं. आम्ही त्याला विंटर स्टॉकिंग म्हणतो. मग बर्फ पडतो, खिंडी बंद होतात आणि वर्षाचा दुसरा भाग सुरू होतो. आता बीआरओच्या मेहनतीमुळे जोझीला पूर्वीइतके महिने बंद राहत नाही, पण हिशेब अजून तसाच चालतो.

या दुसऱ्या भागात लेह शहर बदलून जातं. पर्यटक गेलेले असतात, अर्धी हॉटेलं कुलूपबंद. शेतात काही नाही, नळात पाणी नाही, रात्री पारा उणे वीसपर्यंत उतरतो. आपल्याकडे अशा थंडीत माणूस गोधडीतून बाहेर आला नसता. लेहची माणसं मात्र या दिवसांत सकाळी उठून गोठलेल्या तळ्यावर जातात आणि हॉकी खेळतात.

आजवर पोस्टिंगच्या ठिकाणांवर लिहिताना मी बहुतेक वेळा किल्ल्यांवर, लढायांवर, रेजिमेंटच्या इतिहासावर लिहिलं. या वेळी एका खेळावर लिहितो आहे. पण वाचत गेलात तर लक्षात येईल, हाही एका रेजिमेंटचाच इतिहास आहे.

खेळ कसा असतो

आपल्यापैकी बहुतेकांनी आइस हॉकी टीव्हीवरसुद्धा धड पाहिलेली नसते, म्हणून आधी थोडं खेळाबद्दल. मैदान साधारण ६० मीटर लांब आणि ३० मीटरपर्यंत रुंद. एका बाजूला सहा जण, त्यात एक गोलकीपर. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. चेंडूच्या जागी पक असतो, म्हणजे घट्ट रबराची चकती, तीन इंच व्यासाची आणि एक इंच जाडीची. वजन दीडशे ग्रॅमच्या थोडं वर. खेळाआधी ती गोठवतात, म्हणजे उसळत नाही, सरळ घसरत जाते. एवढीशी चकती, पण वेगात अंगावर आली तर हाड मोडेल. म्हणून हेल्मेट, छातीचं पॅड, गुडघ्यांची ढाल, हे सगळं लागतं.

या खेळात कुणीही सलग मैदानावर राहत नाही. मिनिटभर जीव तोडून पळायचं, बाहेर यायचं, दुसऱ्याने आत जायचं. खेळ चालू असतानाच ही अदलाबदल होते. समुद्रसपाटीला ही अवस्था, तर लेहला काय होत असेल विचार करा. लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे. इथे एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन आपल्या कोकणातल्या श्वासाच्या जेमतेम दोन तृतीयांश. आम्ही मैदानी मुलखातून येतो तेव्हा पहिले सहा दिवस आम्हाला कामालाच लावत नाहीत. आधी विश्रांती, मग थोडं चालणं, मग थोडी चढण. आणि ही पोरं त्याच हवेत सुसाट पळत असतात.

साहेबांचा खेळ आणि जवानांचा खेळ

हिंदुस्थानात बर्फावर खेळायची हौस प्रथम शिमल्यात भागवली गेली. १९२० च्या सुमारास ब्लेसिंग्टन नावाच्या एका आयरिश माणसाने टेनिसच्या कोर्टवर पाणी सोडून ते रात्री गोठू दिलं, असं सांगतात. त्यातून शिमल्याचं स्केटिंग रिंक उभं राहिलं. ते आजही आहे आणि आजही तिथे नैसर्गिक थंडीनेच बर्फ धरतो. पण तो उन्हाळी राजधानीच्या साहेबलोकांचा विरंगुळा होता. त्यातून क्लब निघाला, हौशी खेळाडू निघाले. अख्ख्या मुलखाचा खेळ मात्र निघाला नाही.

लडाखची गोष्ट वेगळी आहे आणि ती खेळाच्या मैदानावर सुरू होत नाही. १९४८ साली पाकिस्तानी टोळ्या गिलगिट-स्कर्दूकडून लेहच्या दिशेने सरकत होत्या. भर हिवाळ्यात डोग्रा रेजिमेंटची एक छोटी तुकडी जोझीला ओलांडून लेहला पोचली. तिने स्थानिक तरुणांना हाताशी धरून नुब्रा खोऱ्यात एक दल उभं केलं, ते नुब्रा गार्ड्स. त्यात सतरा वर्षांचा चेवांग रिंचेन होता. त्याला त्या लढाईत महावीर चक्र मिळालं आणि १९७१ मध्ये पुन्हा दुसऱ्यांदा. ही पोरं पुढे जम्मू-काश्मीर मिलिशियात गेली. १९६२ च्या युद्धानंतर, १ जून १९६३ रोजी मिलिशियाच्या ७ आणि १४ व्या बटालियन मिळून लडाख स्काउट्स तयार झाली. कारगिलनंतर २००० मध्ये तिला पूर्ण पायदळ रेजिमेंटचा दर्जा मिळाला.

या रेजिमेंटची भरतीच लडाखमधून होते. म्हणजे जवान ज्या डोंगरावर गस्त घालतो त्याच्याच पायथ्याला त्याचं घर असतं. हे लक्षात ठेवा, पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ इथे आहे.

१९७० च्या दशकात लडाख स्काउट्सच्या जवानांनी लेहमधल्या गोठलेल्या तळ्यांवर हॉकी खेळायला सुरुवात केली. गुपुक्स आणि करझू ही त्यातली दोन प्रसिद्ध तळी. सामान नव्हतंच. जुने लोक सांगतात, लष्करी बुटांच्या तळव्याला लोखंडी पात्या ठोकायच्या, झाले स्केट. जुन्या बुटाचा रबरी सोल गोल कापायचा, झाला पक. गोलकीपरने क्रिकेटची पॅड बांधायची. फौजेत राहिलेल्या कुणालाही याचं आश्चर्य वाटणार नाही. आमच्यात जे मिळतं त्यावर काम भागवण्याला जुगाड म्हणतात आणि त्यात स्टोअरमधला सुभेदार सगळ्यात हुशार असतो.

जवान सुट्टीवर घरी जायचा तेव्हा खेळही घरी जायचा. गावात तळं होतंच. धाकटे भाऊ, पुतणे, शेजारची पोरं जमायची. आपल्याकडे जसं एक पोरगा तालमीत जायला लागला की आळीतली पाच पोरं मागे जातात, तसंच.

तळं म्हणजे जिंग

इथे तळं म्हणजे काय ते सांगायला हवं. लडाखमध्ये पाऊस जवळजवळ नाही. शेती चालते ती वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर. हे पाणी पाटातून गावात येतं आणि एका खोलगट जागी साठवलं जातं. त्या साठ्याला जिंग म्हणतात. पाण्याची पाळी ठरवायला गाव एक माणूस नेमतं, तो चुरपोन. आपल्याकडच्या पाटकऱ्यासारखा, पण सरकारने नव्हे, गावाने नेमलेला. कुणाच्या शेताला कधी आणि किती पाणी, हे तो सांगतो आणि त्याचा शब्द चालतो.

उन्हाळ्यात जे तळं जव आणि वाटाण्याला पाणी देतं, तेच हिवाळ्यात मैदान होतं. तळं नसेल तिथे सपाट जागेभोवती मातीचा बांध घालतात आणि रात्री पाणी सोडतात. एकदम सोडून चालत नाही. पातळ थर द्यायचा, तो गोठू द्यायचा, मग पुढचा थर. जाड थर दिला तर वरून कडक आणि आत पोकळ बर्फ होतो, पाय टाकला की फुटतो. बर्फ पडला की झाडून काढायचा, कारण बर्फाच्या पांघरुणाखाली पाणी नीट गोठत नाही. ही कामं रात्री करावी लागतात, थंडी जास्तीत जास्त असते तेव्हा. हातात पाण्याचा पाइप आणि बाहेर उणे पंधरा-वीस. सकाळच्या एका तासाच्या खेळामागे रात्रीची एवढी मजुरी असते आणि ती बहुतेक वेळा खेळाडूच करतात.

संघटना आली, परदेश लांब राहिला

१९८५ मध्ये लेहला लडाख विंटर स्पोर्ट्स क्लब स्थापन झाला. इथून लडाखच्या आइस हॉकीला नागरी घर मिळालं. गावागावांच्या संघांच्या स्पर्धा होऊ लागल्या. १९८९ मध्ये भारताची राष्ट्रीय संघटना झाली आणि त्याच वर्षी ती आंतरराष्ट्रीय महासंघाची सदस्य झाली.

आता पुढची तारीख बघा. भारताचा पुरुष संघ पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत खेळला तो २००९ मध्ये, अबू धाबीत. सदस्यत्वानंतर तब्बल वीस वर्षांनी. तोपर्यंत आपल्याकडे वर्षभर बर्फ धरणारं मोठं रिंकच नव्हतं. अबू धाबीच्या वाळवंटात ते होतं आणि हिमालयाच्या कुशीतल्या लेहला नव्हतं! लडाखची पोरं वर्षातून दोनेक महिने खेळायची, उरलेले दहा महिने वाट बघायची. समोर वर्षभर सराव करणारे संघ. सुरुवातीचे सामने हरले यात नवल नाही.

२०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी डेहराडूनला बंदिस्त रिंक बांधलं गेलं. तिथेच २०१२ मध्ये भारताने मकाऊला हरवून पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला. त्यानंतर मात्र ते रिंक कित्येक वर्षं बंद पडून राहिलं. बर्फ गोठवायच्या यंत्राला वीज लागते, विजेला पैसा लागतो आणि स्पर्धा संपली की तो देणारा कुणी उरत नाही. परदेश दौऱ्याला जायचं तर खेळाडूंना लोकांकडून वर्गणी गोळा करावी लागली, इंटरनेटवरून मदतीचं आवाहन करावं लागलं. कॅनडा-अमेरिकेतले हौशी लोक आणि दिल्लीतल्या कॅनडाच्या वकिलातीची माणसं वापरलेलं सामान घेऊन लेहला येत, शिकवत, खेळत. लेहच्या बऱ्याच पोरांच्या पायातला पहिला खरा स्केट असा सातासमुद्रापलीकडून आलेला आहे.

हौशी म्हणजे पोट कोण भरतं?

एका हिवाळ्यात ड्युटी नव्हती म्हणून मी गुपुक्सला सामना बघायला गेलो होतो. शेजारी लडाख स्काउट्समधून निवृत्त झालेले एक सुभेदार साहेब बसले होते. आर्मी आणि आयटीबीपी यांच्यात सामना. मी अर्थातच आर्मीच्या बाजूने ओरडत होतो. साहेब दोन्ही बाजूंच्या गोलला टाळ्या वाजवत होते. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही नक्की कुणाकडून?" ते हसले. म्हणाले, "तो आर्मीचा फॉरवर्ड चुशोतचा, त्याला अडवणारा तो आयटीबीपीचा पोरगाही चुशोतचा. दोघं एकाच जिंगवर शिकलेत. मी कुणाला शिव्या देऊ?"

त्यांच्या त्या वाक्यावर मी बराच विचार केला. राष्ट्रीय पातळीवर पुरुषांची विजेतेपदं अनेक वर्षं मुख्यतः आर्मी, आयटीबीपी आणि लडाख यांच्यातच फिरत राहिली आहेत. २०२५ च्या खेलो इंडिया विंटर गेम्समध्ये लेहच्या एनडीएस मैदानावर अंतिम सामना आर्मी आणि आयटीबीपी यांच्यातच झाला आणि आर्मीने तो जिंकला. कागदावर हे वेगवेगळे संघ आहेत. प्रत्यक्षात जर्सीच्या आतली बरीचशी पोरं त्याच पाच-पन्नास गावांची. बौद्ध आहेत, शिया मुसलमान आहेत, नुब्राचे आहेत, चांगथांगचे आहेत. कुणाला स्काउट्सने भरती केलं, कुणाला आयटीबीपीने, आणि ज्याला दोन्हीकडे जागा मिळाली नाही तो लडाखकडून खेळतो.

हौशी खेळ म्हणजे खेळाचे पैसे न घेता खेळणं. मग जेवायला कोण घालतं, हा प्रश्न या खेळाच्या इतिहासात सगळीकडे आहे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ट्रेल नावाचं गाव आहे. तिथे जस्त आणि शिसं वितळवणारा मोठा कारखाना. त्या गावच्या हौशी संघाचं नावच स्मोक ईटर्स, म्हणजे धूर खाणारे. खेळाडू कारखान्यात काम करायचे आणि संध्याकाळी खेळायचे. या गावच्या संघाने कॅनडाच्या वतीने १९३९ आणि १९६१ अशी दोनदा जागतिक स्पर्धा जिंकली. १९६१ ला त्यांनी सोव्हिएत संघाला ५-१ ने हरवलं. त्यानंतर कुठल्याही गावच्या हौशी संघाला कॅनडासाठी ते जमलं नाही आणि कॅनडाला पुढचं जागतिक विजेतेपद १९९४ मध्ये मिळालं. सोव्हिएत संघाचेही बरेच खेळाडू मॉस्कोच्या लष्करी क्लबचे होते, कागदोपत्री फौजेतले अधिकारी, म्हणून हौशी. आणि १९४८ च्या ऑलिंपिकला कॅनडाने पाठवला तो त्यांच्या हवाई दलाचा संघ. निघण्याआधी घरच्यांनीच त्यांना नावं ठेवली होती. सेंट मॉरिट्झच्या उघड्या बर्फावर खेळून ते सुवर्णपदक घेऊन परतले.

म्हणजे कारखाना असो की पलटण, हौशी संघाच्या मागे पगार देणारा कुणीतरी उभा असतो. लडाखमध्ये कारखाना नाही. तिथे वर्दी आहे. यात मला वाईट काही दिसत नाही. उलट वर्दी नसती तर हा खेळ इथे आलाच नसता. पण त्याची दुसरी बाजूही आहे. गावाने वाढवलेला उत्तम खेळाडू भरती झाला की गावाच्या आणि प्रदेशाच्या संघातून जातो. लडाखच्या नावाने खेळणारा संघ दरवर्षी नव्याने बांधावा लागतो. आपल्याकडे कबड्डीच्या मंडळांना हे चांगलं ठाऊक आहे. पोरगा चमकला की रेल्वेत किंवा पोलिसांत लागतो, मंडळ पुन्हा शाळकरी पोरं गोळा करून मैदान आखतं.

मुलींचा संघ

या इतिहासातलं सगळ्यात जिद्दीचं पान मुलींचं आहे. पलटणीचा खेळ म्हणजे पुरुषांचा खेळ, अशी सुरुवात होती. तळ्यावर आधी मुलगे, त्यांचं झाल्यावर वेळ आणि बर्फ उरला तर मुली. भावाचे स्केट पायात मोठे होतात म्हणून दोन-दोन मोजे कोंबून मुली खेळल्या.

भारताचा महिला संघ २०१६ मध्ये तैपेईला पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला, जवळजवळ सगळ्या मुली लडाखच्या. तिथे हरल्या. पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, बँकॉकला त्यांनी फिलिपिन्सला ४-३ ने हरवलं. हा त्यांचा पहिला विजय. २०१८ च्या जानेवारीत कॅनडाची ऑलिंपिक सुवर्णविजेती हेली विकनहायझर स्वतः लेहला येऊन या मुलींबरोबर खेळली. पुढे आयटीबीपीने महिलांचा संघ उभा केला आणि काही मुलींना वर्दी मिळाली. २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐनला झालेल्या महिला आशिया कपमध्ये भारताने कांस्यपदक मिळवलं. ज्या खेळात देशाला वीस वर्षं साधा सामना खेळायला मिळाला नाही, त्यात या मुलींनी पदक आणलं. आपल्या वर्तमानपत्रांत ही बातमी किती जणांनी वाचली असेल कोण जाणे.

आपलाही एक धागा इथे येऊन मिळतो. खेलो इंडियाच्या निमित्ताने महाराष्ट्राची मुलं लेहला येतात आणि स्पीड स्केटिंगमध्ये पदकं घेऊन जातात. पुण्या-मुंबईत चाकांच्या स्केटवर शिकलेली ही मुलं. इथल्या कँटीनमध्ये त्यांना मराठी बोलताना ऐकलं की आमच्या पलटणीतले सातारा-सांगलीवाले धावत जातात.

आता पुढे

एनडीएस मैदानावर आता बर्फ गोठवायची यंत्रणा आली आहे. २०२४ पासून एका मोटारसायकल कंपनीच्या मदतीने लेहमध्ये स्थानिक संघांची लीगही सुरू झाली. ही चांगली बातमी आहे. पण त्याच वेळी जुने खेळाडू एक गोष्ट एकमुखाने सांगतात. पूर्वी तळी लवकर धरायची आणि उशिरा सुटायची. आता डिसेंबर अर्धा गेला तरी काही ठिकाणी भरवसा नसतो आणि फेब्रुवारीत ऊन लागलं की कडेचा बर्फ पिचपिचीत होतो. दोन महिन्यांच्या खेळातून दोन आठवडे गेले तर उरतं काय?

शहरातलं यंत्राचं रिंक राष्ट्रीय संघाच्या, आर्मीच्या, आयटीबीपीच्या कामाचं आहे. त्यांना गाडी आहे, बॅरक आहे, जेवण आहे. तांगत्सेच्या किंवा चुशूलच्या शाळकरी मुलीला रोज लेहला येता येणार नाही. तिचं रिंक म्हणजे तिच्या गावचं तळंच. ते जितकं कमी दिवस गोठेल तितके कमी खेळाडू तिथून येतील, आणि मग तिन्ही जर्सींना माणसं मिळणार कुठून? अंतिम सामने होत राहतील, करंडकही दिले जातील, पण ज्या पोरांमुळे हे सगळं उभं राहिलं ती पोरं गावात तयार व्हायला हवीत.

म्हणून माझं मत विचाराल तर एका मोठ्या रिंकच्या बरोबरीने दहा गावांत सावलीची, डोंगराच्या आडोशाची जागा शोधून तिथे बांध घालून द्यावेत. पाण्याचा एक पाइप, एक पंप आणि मुलांच्या मापाचे स्केट द्यावेत. खर्च फार नाही. सीमेवरच्या गावांत आमच्या तुकड्या असतातच, हिवाळ्यात हातही मोकळे असतात. पन्नास वर्षांपूर्वी स्काउट्सच्या जवानांनी बुटाला पाती ठोकून जे सुरू केलं, ते टिकवण्यात फौजेचा एवढा वाटा असायला हरकत नाही.

कधी हिवाळ्यात लेहला यायचा योग आला तर थंडीला घाबरून हॉटेलात बसू नका. सकाळी गुपुक्सला जा, भरपूर कपडे घालून. कुठल्या बाजूने ओरडायचं हा प्रश्न पडला तर शेजारच्या म्हाताऱ्याला जुले म्हणा आणि विचारा. तो दोन्ही बाजूंची गावं सांगेल.